गेट म्हणजे मिळणे? मग "गेट लॉस्ट"मध्ये काय मिळतं?

माझा एक मावसभाऊ आहे बार्शीचा, बीकॉम झालेला, इंग्रजी वाचायला चांगलं येतं पण बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. मागच्या वर्षी पुण्यात एका ठिकाणी इंटरव्ह्यू देऊन बाहेर पडला आणि पडल्या पडल्या मावशीला फोन, की चांगला झाला, ते लोक परत येणारेत म्हणाले. मावशी म्हणाली परत येणारेत म्हणजे कुठे, आपल्याकडे? तर हा म्हणतो काय माहीत, पण "वी विल गेट बॅक टू यू" असंच म्हणाले. मग मावशीचा मला फोन, की अरे हल्ली कंपनीवाले घर बघायला येतात का, मुलगी बघायला येतात तसे?

हसू आलं खरं, पण नंतर वाटलं की त्याचं चुकलं काय? शाळेत आपल्याला गेट म्हणजे मिळणे आणि बॅक म्हणजे मागे किंवा परत, एवढंच तर सांगितलंय. "गेट, गॉट, गॉट" घोकलं, समोर "मिळणे, प्राप्त करणे" लिहिलं, विषय संपला. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, आमच्या वेळी पाचवीपासून होतं, पण वहीतला तो अर्थाचा रकाना काही बदलला नाही. आणि मग बाहेर पडलं की गेट अप, गेट आउट, गेट लॉस्ट, आय डोन्ट गेट इट, ही गॉट फायर्ड, आय हॅव गॉट टू गो. यातल्या एकातही "मिळणे" सरळ बसत नाही, "गेट लॉस्ट"मध्ये तर समोरच्याला नक्की काय मिळतं ते तोच जाणे.

तर हा एकच शब्द जरा नीट उलगडून बघू. भाषाशास्त्र वगैरे नाही, आपलं साधं.

आधी आपल्या घरातलं "लागणे" बघा

माझ्या ऑफिसात कोइमतूरचा एक जण आहे, मराठी शिकायची त्याला भारी हौस. एकदा आम्ही स्वारगेटला उभे होतो, कुणीतरी ओरडलं "सोलापूर गाडी लागली का हो?" आणि त्याच वेळी शेजारच्या बाई नवऱ्याला सांगत होत्या, "मला खिडकी द्या, मला गाडी लागते." हा माझ्याकडे बघतोय. म्हणाला, गाडीच्या बाबतीत लागणे म्हणजे नक्की काय, फलाटावर येणे का उलटी होणे?

काय सांगणार. मी सांगायला गेलो आणि स्वतःच अडकलो. भूक लागते, ठेच लागते, झोप लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, फोन लागतो, नजर लागते, सवय लागते, लग्न लागतं, थेटरात पिक्चर लागतो, आमटी खारट लागते, पोहोचायला दोन तास लागतात, वाट लागते, मनाला लागतं, आणि "हा तुझा कोण लागतो?" हे तर वेगळंच. शिवाय "रडायला लागला" म्हणजे सुरुवात झाली आणि "रडावं लागलं" म्हणजे इलाज नव्हता. आता या सगळ्याला एक इंग्रजी शब्द दे म्हटलं तर कुठला देणार? पण आपल्याला कधी अडलंय का? चार वर्षांचं पोर पण "मला लागलं" आणि "मला भूक लागली" यात गोंधळ करत नाही.

इंग्रजीत गेटचं अगदी हेच आहे. जे शब्द दिवसातून शंभरदा तोंडात येतात ते झिजून गुळगुळीत होतात, स्वतःचा अर्थ पातळ होत जातो आणि मग ते कुठेही बसतात. ऑक्सफर्डचा तो मोठा शब्दकोश आहे ना, त्याच्या 1989 सालच्या आवृत्तीत सगळ्यात लांबलचक नोंद "सेट" या क्रियापदाची होती, पुढे नव्यानं काम सुरू झाल्यावर 2011 साली "रन" पुढे गेला, 645 अर्थ! धावणे या शब्दाचे साडेसहाशे अर्थ. पण हे काही इंग्रजीचंच वेड नाही, आपल्या "मारणे"ची यादी करायला बसा, गप्पा मारणे, फोन मारणे, चक्कर मारणे, बुट्टी मारणे, माशी मारणे, यात खरोखर फक्त माशी मरते.

मग गेटचं मूळ काम काय

माझ्या मते (शिकवणारे आणखी वेगळं सांगतील) गेटचा एकच गाभा आहे, आधी नव्हतं आणि आता आहे. आधी एका बाजूला होतो, आता दुसऱ्या बाजूला आलो. म्हणजे फाटक ओलांडणं. योगायोग असा की देवनागरीत लिहिलं तर मिळण्याचं गेट आणि फाटकाचं गेट सारखंच दिसतं, मुळात दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही, पण लक्षात ठेवायला फार सोयीचं आहे.

आता बघा. नोकरी नव्हती, आता आहे: आय गॉट अ जॉब. घरी नव्हतो, आता आहे: आय गॉट होम. कोरडा होतो, भिजलो: आय गॉट वेट. समजलं नव्हतं, समजलं: आय गॉट इट. लग्न नव्हतं झालं, झालं: आय गॉट मॅरीड. मराठीत आपण पाच ठिकाणी पाच वेगळी क्रियापदं वापरली, मिळाली, पोचलो, भिजलो, कळलं, झालं, आणि इंग्रजीवाल्यांनी एकच गेट पाचही फाटकांवर उभं केलं. समजण्याच्या बाबतीत तर आपलीही पोरं हल्ली तेच करतात, "भावना पोचल्या" म्हणतात ना, म्हणजे तुझं म्हणणं निघालं तिकडून आणि माझ्यापर्यंत आलं.

यावरून एक महत्त्वाचा फरक कळतो. "आय ॲम मॅरीड" म्हणजे मी विवाहित आहे, स्थिती. "आय गॉट मॅरीड" म्हणजे लग्न झालं, ती घटना. म्हणून "गेल्या मेमध्ये लग्न झालं" सांगायचं असेल तर आय गॉट मॅरीड लास्ट मे, आणि बँकेच्या फॉर्मवर विचारलं तर मॅरीड. तसंच टायर्ड असणं वेगळं आणि गेट टायर्ड म्हणजे दमायला होणं, दमत जाणं वेगळं. आज्जी "आता लवकर दमायला होतं रे" म्हणते ना, तिथे गेट येतं.

"गेट लॉस्ट" पण इथेच सुटतं. लॉस्ट म्हणजे हरवलेला, आणि गेट म्हणजे त्या स्थितीत जा. हरवलेला हो! आपण म्हणतो "चालता हो", तोच "हो". "गेट वेल सून" म्हणजे लवकर बरा हो. "गेट रेडी" म्हणजे तयार हो. शाळेच्या मैदानावर पांढऱ्या रेघेवर उभं करून "गेट सेट गो" म्हणायचे, त्यातला गेट सेट म्हणजे सुद्धा तयार होऊन थांब, एवढंच. आम्ही त्याला एकच शब्द समजायचो, गेट्सेट्गो.

"मला"चा नियम, हा मला स्वतःला खूप उपयोगी पडला

मराठीत निम्म्या गोष्टी आपण करतच नाही, त्या आपल्याला होतात. राग मी करत नाही, मला राग येतो. सर्दी मला होते. नोकरी मला लागते. कंटाळा मला येतो. इंग्रजीत मात्र वाक्याच्या सुरुवातीला "मी" आणून बसवायचा असतो, आणि मग मधल्या त्या "आला, झाला, लागला, मिळाला"चं काय करायचं? तिथे बऱ्याचदा गेट टाकून मोकळं होता येतं. मला राग आला, आय गॉट अँग्री. मला सर्दी झाली, आय गॉट अ कोल्ड. मला कंटाळा आला, आय गॉट बोअर्ड. मला पत्र आलं, आय गॉट अ लेटर. मला उशीर झाला हे मात्र आय गॉट लेट असं नाही होत हं, तिथे आय वॉज लेट किंवा आय गॉट डिलेड. आणि "मला आवडलं", "मला आठवलं" यांना इंग्रजीत स्वतःची क्रियापदं आहेत, तिथे गेट घुसवू नका. म्हणजे नियम काही पोलादी नाही, पण दहातल्या सहासात वेळा तरून नेतो.

याच्या पुढचं जे आहे ते बघून मी तर चाट पडलो होतो. "मला तिथे राहायला मिळालं" याचं इंग्रजी काय? आय गॉट टू स्टे देअर. शब्दाला शब्द, मिळालं म्हणजे गॉट! "आम्ही बोलायला लागलो" म्हणजे वी गॉट टॉकिंग. "मला जावं लागेल" म्हणजे आय हॅव गॉट टू गो, ज्याचं बोलताना "गॉटा गो" होतं. म्हणजे आपलं मिळणे आणि आपलं लागणे दोघं मिळून जी कामं करतात ती तिकडे एकटं गेट ओढतं. हे एकदा दिसलं की गेटची भीती निम्मी होते, कारण हा माणूस आपल्या घरातलाच निघतो, फक्त कपडे वेगळे.

शेपूट लागलं की अर्थ पळतो

आता खरा त्रास. गेटच्या मागे अप, ऑफ, ओव्हर, बाय, थ्रू, अलाँग असे छोटे शब्द लागतात आणि अर्थ कुठल्या कुठे जातो. याला इंग्रजी व्याकरणात फ्रेजल व्हर्ब म्हणतात, क्रियापद अधिक छोटा शब्द मिळून एक नवीन क्रियापद. हे नाव 1925 सालच्या एका पुस्तकात छापलेलं सापडतं. मी आपलं शेपूटवालं क्रियापद म्हणतो.

पहिलं म्हणजे हे पण आपल्याकडे आहे, फक्त आपण शेपूट दुसऱ्या क्रियापदाचं लावतो. "खाऊन टाक" म्हणतो तेव्हा काही टाकायचं नसतं. "मी बोलून बसलो" मध्ये कोणी बसत नाही, उलट उठून पळावंसं वाटतं. "विसरून गेलो" म्हणजे कुठे गेलो? घरातच होतो. तरी "बोललो" आणि "बोलून बसलो" यातला फरक, तो पश्चात्ताप, आपल्याला लगेच कळतो. शेपटं अशीच काम करतात.

दुसरं म्हणजे, पाठ करण्याआधी डोळ्यासमोर चित्र आणायचं. जवळजवळ प्रत्येक शेपूटवाल्या अर्थाच्या तळाशी एक साधी हालचाल असते. ओव्हर म्हणजे वरून पलीकडे. गेट ओव्हर अ वॉल, भिंत ओलांडून जाणं. मग आजारपण, ब्रेकअप, कुणी गेल्याचं दुःख, ही पण भिंतच, ती ओलांडली की गेट ओव्हर इट. त्यातून बाहेर पडणं. पण कुणी तोंडावर "गेट ओव्हर इट" म्हटलं तर ते सांत्वन नाही हां, ते "पुरे झालं आता तुझं" आहे, त्यामुळे ज्याच्या घरी काही झालंय त्याला चुकूनही म्हणू नका. थ्रू म्हणजे आरपार. परीक्षेतून आरपार गेलो, पास झालो. फोनवर तारेतून आरपार तुमच्यापर्यंत पोचलो, म्हणजे फोन लागला, आणि "आय कुडन्ट गेट थ्रू" म्हणजे लागलाच नाही. (इथे पण लागणे आलंच.)

गेट बाय मला सगळ्यात आवडतं. बाय म्हणजे बाजूनं. अरुंद बोळातून कडेकडेनं अंग चोरून निघून जायचं, धक्का न लागता. त्यावरून, कमी पगारात कसंबसं महिना ढकलणं म्हणजे गेट बाय. आपण म्हणतो "भागतंय". कसं चाललंय, भागतंय आपलं, वी आर गेटिंग बाय. यापेक्षा चांगलं भाषांतर नाही.

गेट अलाँग म्हणजे एका वाटेनं सोबत चालणं, म्हणजे पटणं. सासू-सुनेचं पटत नाही, दे डोन्ट गेट अलाँग. गेट अवे विथ म्हणजे काहीतरी घेऊन निसटणं, चोर माल घेऊन पळाला आणि सापडला नाही. त्यावरून चुकीचं काम करून शिक्षा न होणं. याला मराठीत काय म्हणायचं म्हणून लोक "सहीसलामत सुटणे" वगैरे लिहितात, अहो आपल्याकडे फर्स्टक्लास शब्द आहे, पचणे. "एवढं करून पचलं त्याला." ही गॉट अवे विथ इट. तिकडे चोर पळून गेला, इकडे त्यानं खाऊन पचवलं, पण दोघंही हात हलवत बाहेर.

गेट अराउंड टू, म्हणजे फिरत फिरत शेवटी त्या कामापाशी येणं. माळ्यावरचं सामान काढायचंय काढायचंय म्हणता म्हणता दिवाळी येते, मग एकदाचा मुहूर्त लागतो. मुहूर्त लागणे! आय फायनली गॉट अराउंड टू इट.

काही ठिकाणी दोन्ही भाषांचं चित्रसुद्धा एकच निघतं, गेट आउट ऑफ हँड आणि हाताबाहेर जाणे. काही ठिकाणी थोडं सरकतं, तिकडे माणूस नसांवर चढतो, गेट्स ऑन माय नर्व्हज, इकडे डोक्यात जातो. आणि गेट कोल्ड फीट, ऐनवेळी घाबरून माघार घेणं, त्यांचे पाय थंड पडतात आणि आपल्या पायातलं बळ जातं. पायाचंच काहीतरी होतं एवढं खरं.

बसमध्ये ऑन, रिक्षात इन, आणि आपलं दादरचं "डाउन"

हा प्रश्न क्लासमध्ये हमखास येतो. बस, ट्रेन, विमान, जहाज यात गेट ऑन आणि उतरताना गेट ऑफ. कार, टॅक्सी, रिक्षा यात गेट इन आणि गेट आउट. सोपी खूण म्हणजे ज्याच्या आत गेल्यावर उभं राहून चार पावलं चालता येतं तिथे ऑन, आणि वाकून शिरून सरळ बसावंच लागतं तिथे इन. सायकल, मोटारसायकल, घोडा यांच्यावर टांग टाकून बसतो म्हणून ऑन. आपण पण कारमध्ये बसतो आणि एसटीत चढतो, म्हणजे फरक आपल्यालाही जाणवतोच, विमानात मात्र आपण बसतो आणि ते गेट ऑन करतात, तिथे जरा बिनसलं.

आता "गेट डाउन". लोकलच्या दारात "आर यू गेटिंग डाउन ॲट दादर?" असं कुणी विचारलं तर सगळ्या डब्याला कळतं, कारण भारतभर हेच चालतं, आपल्या "उतरणे"वरून आलंय. इंग्लंड-अमेरिकेत स्टेशनवर उतरायला गेट ऑफ म्हणतात, आणि "गेट डाउन!" असं ओरडलं तर माणूस एकदम खाली वाकेल किंवा टेबलावर चढलेलं पोर खाली उतरेल. मग आपलं चूक का? मी तरी चूक म्हणत नाही. दादरला डाउनच, लंडनला जाल तेव्हा ऑफ म्हणा. फक्त आयईएलटीएस वगैरे परीक्षा देत असाल तर ऑफ लक्षात ठेवा, तिथे भांडून मार्क वाढत नाहीत.

केस कुणी कापले?

आपण "काल केस कापले" म्हणतो, सगळ्यांना कळतं की सलूनमध्ये गेला होता. तेच सरळ उचलून "आय कट माय हेअर" म्हटलं तर समोरच्या परदेशी माणसाला वाटणार हा आरशासमोर कात्री घेऊन बसला होता. तिथे आय गॉट माय हेअर कट. म्हणजे कापून घेतले. दुसऱ्याकडून काम करून घेणं हे गेटचं आणखी एक मोठं खातं आहे, आणि आपलं "करून घेणे" त्याच्या मापाचंच आहे. गाडी धुऊन घेतली, घर रंगवून घेतलं, सगळीकडे गेट. त्याच्याकडून करून घे म्हणजे गेट हिम टू डू इट, यात थोडी मनधरणी, थोडं मागे लागणं अध्याहृत असतं.

आणि जिथे आपण काहीच करत नाही, उलट आपल्यावरच येतं, तिथेही गेट आहेच. ही वॉज फायर्ड आणि ही गॉट फायर्ड, दोन्हीचा अर्थ नोकरीवरून काढला, पण पहिलं एचआरच्या कागदावरचं वाक्य आहे आणि दुसरं टपरीवर चहा पिताना सांगितलेलं. चोर पकडला गेला आणि चोर सापडला यात जसा सूर बदलतो तसं. गॉट कॉट, गॉट रॉब्ड, गॉट हिट, असं काहीतरी वाईट झालं की हे जास्त ऐकू येतं, पण गॉट सिलेक्टेड आणि गॉट प्रमोटेड पण आहेत, अगदीच रडगाणं नाही.

मग "आय हॅव गॉट" म्हणजे आहे कसं काय?

हा गोंधळ रास्त आहे. "आय हॅव गॉट अ बाइक" म्हणजे माझ्याकडे बाइक आहे. पण रूप तर "मिळवलंय" असं भूतकाळी दिसतं! इथे आपला "बसलाय" आठवा. तो बसलाय म्हणजे बसण्याची क्रिया मघाशीच झाली, पण सांगायचं असतं की आत्ता बसलेला आहे. तसंच मिळवलंय म्हणजे आत्ता आहे. झालं.

अमेरिकेत यात एक मजा आहे. तिकडे "आय हॅव गॉट" म्हणजे आहे, आणि "आय हॅव गॉटन" म्हणजे मिळालं, झालं, ती क्रिया. इंग्लंडमध्ये गॉटन जवळपास गेलाच, नेहमीच्या बोलण्यात गॉटच, वाममार्गाच्या कमाईला "इल-गॉटन" म्हणतात त्या एका शब्दात तो अजून जिवंत आहे. लोकांना वाटतं गॉटन ही अमेरिकन पोरांनी केलेली मोडतोड आहे, प्रत्यक्षात ते जुनं रूप, जहाजातून तिकडे गेलं आणि तिकडेच टिकलं. कोणतं वापरायचं? भारतात शाळा-कॉलेजात गॉट, निवांत राहा.

पण आमचे सर तर म्हणायचे गेट वापरू नका, खेडवळ वाटतं

सरांचं पूर्ण चूक नव्हतं. त्याला हजारेक वर्षांचा इतिहास आहे. गेट हा स्वतंत्र शब्द इंग्रजीत आला स्कँडिनेव्हियाच्या व्हायकिंग लोकांकडून, त्यांचा मूळ शब्द "गेटा". हे लोक आधी लुटायला आले, मग 866 साली यॉर्क घेतलं आणि शेती करत तिथेच राहिले, लग्नं झाली, शेजार झाला, आणि भांड्याकुंड्यांतले शब्द मिसळले. एग, नाइफ, विंडो, स्काय, टेक आणि चक्क "दे" म्हणजे ते लोक, हे सगळं त्यांचं. जुन्या इंग्रजीत याचा एक चुलतभाऊ आधीपासून होता पण तो एकटा फिरायचा नाही, दुसऱ्याला चिकटून असायचा, आजही "फर्गेट" मध्ये बसलेला दिसतो. हातात आलेलं निसटणं म्हणजे विसरणं.

मग 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारात, कोर्टात फ्रेंच आली. ऑब्टेन, रिसीव्ह, अराइव्ह, परचेस हे सगळे त्या वाटेनं आलेले. त्यामुळे एकाच गोष्टीला दोन शब्द झाले, एक चुलीजवळचा आणि एक कचेरीतला. आपल्याकडे बघा ना, "तुझं पत्र मिळालं" आणि "आपले पत्र प्राप्त झाले". सरकारी पत्रात "तुमचा अर्ज मिळाला बरं का" कोणी लिहीत नाही, आणि आईला फोन करून "डबा प्राप्त झाला" म्हटलं तर ती म्हणेल बरा आहेस ना? गेट म्हणजे मिळालं, ऑब्टेन म्हणजे प्राप्त. त्यामुळे अर्जात, प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये गेट कमी ठेवा, बोलताना बिनधास्त. आपली अडचण उलटी आहे, आपण इंग्रजी पुस्तकातून शिकलो म्हणून चहा पिताना पण "आय रिसीव्ड युवर मेसेज, आय विल अराइव्ह ॲट सेव्हन" असं बोलतो. चूक नाही त्यात काही, पण समोरच्याला वाटतं नोटीस आली.

आणि आपण मराठीत घेतलेले गेट

काही गेट तर आपण कधीच घरात आणून ठेवलेत. दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर, ज्याला मराठी शब्द स्नेहसंमेलन आहे पण तो ऐकला की डोळ्यासमोर कापडी पडदा आणि बक्षीस समारंभ येतो, म्हणून कोणी वापरत नाही. नाटकवाल्यांचा गेटअप, म्हणजे वेशभूषा-रंगभूषा मिळून झालेलं रूप. "काय गेटअप केलाय आज!" यातला गेटअप आणि सकाळचं गेट अप, बोलायला एकच, अर्थ भलतेच, एक पात्राच्या अंगावर चढतं आणि दुसरं अंगावरचं पांघरूण ओढतं. वर्गातून "गेटआउट केलं" हे तर शुद्ध मराठी क्रियापद झालंय, मला सातवीत तीनदा केलेलं आहे, त्यातले दोनदा माझी चूक होती.

तर मग सगळं पाठ करायचं का?

नका करू. शंभर शेपटांची यादी फ्रिजवर चिकटवली तर फ्रिज तेवढा हुशार होतो. एक-एक वाक्य जिथे ऐकलंत तिथल्या प्रसंगासकट ठेवा, आणि जमल्यास त्याच्या शेजारी आपला शब्द ठेवा, भागणे, पटणे, पचणे, मुहूर्त लागणे. अर्थाचा रकाना "मिळणे" वर थांबवू नका एवढंच.

मावसभावाला मी हेच सांगितलं. की गेट बॅक टू यू म्हणजे फिरून तुझ्याशी संपर्क, थोडक्यात "कळवतो". आणि मुलगी बघायला आलेले लोक पोहे खाऊन "कळवतो" म्हणतात त्याचा जो अर्थ असतो, बऱ्याचदा तोच अर्थ. पुढच्या वेळी नम्रपणे विचार की साधारण कधीपर्यंत कळवाल, त्यात काही गैर नाही. त्या पुण्यातल्या लोकांनी अर्थातच काही कळवलं नाही. दीडेक महिन्यानं त्याचा रात्री व्हॉट्सॲपवर नुसता एवढाच मेसेज, "गॉट इट". मी विचारलं काय, अर्थ का नोकरी? तर म्हणे नोकरी, सोलापूरला, सोमवारी हजर व्हायचंय.